वाट दिसते, पण जायचा हक्क आहे का? इंग्लंडच्या पायवाटा आणि लोकांनी बनवलेला नकाशा

इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेल्या आईबाबांना एक गोष्ट हमखास चक्रावून टाकते. गावाबाहेर फिरायला निघावं, तर रस्त्याकडेला एक खांब, त्यावर 'पब्लिक फुटपाथ' लिहिलेली पट्टी, आणि ती पट्टी सरळ कुणाच्या तरी गव्हाच्या शेताकडे बोट दाखवते. कुंपण ओलांडायला लाकडी पायरी केलेली असते. माणसं कुत्री घेऊन बिनधास्त आत शिरतात आणि कुणी हटकत नाही. आपल्याकडे परक्याने बांधावर पाय ठेवला तरी लांबून 'कोण रे तिकडं?' ऐकू येतं. इथे पिकाच्या मधून जायची सोय!

दुसरा गोंधळ फोनवर होतो. एका ॲपमध्ये ती वाट हिरवी ठिपक्याठिपक्यांची दिसते, दुसऱ्यात दिसतच नाही, तिसऱ्यात 'खासगी' म्हणून लाल होते. यातल्या बऱ्याच ॲपचा नकाशा मुळात एकच असतो, ओपनस्ट्रीटमॅप. तो हजारो हौशी लोक मिळून भरतात. खांबावरची पाटी आणि त्या नकाशावरची नोंद यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. त्यातच 'हरवलेल्या पायवाटांची मुदत संपणार' अशा बातम्या तिकडे गेली काही वर्षं अधूनमधून येत आहेत, त्यामुळे नवख्या माणसाला काहीच उमगत नाही.

हा हक्क येतो कुठून?

आधी हद्द स्पष्ट करतो. इथे बोलतोय ते इंग्लंड आणि वेल्सबद्दल. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने तिथे जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरायचा हक्कच दिला आहे.

इंग्लंडात जमीन मालकाचीच असते, पण तिच्यावरून जाणारी एक ठराविक वाट वापरायचा हक्क जनतेचा असतो. कुणाच्याही बापाची परवानगी लागत नाही, स्थानिक असण्याची अट नाही. परवा विमानातून उतरलेल्या माणसालाही तो हक्क आहे. कायद्याच्या लेखी ती वाट म्हणजे रस्ताच. अशा वाटांची एकूण लांबी साधारण १,४०,००० मैल, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटर भरते.

यातल्या कित्येक वाटा शेकडो वर्षांच्या वापराने पडलेल्या आहेत. चर्चला, गिरणीला, शेजारच्या गावच्या बाजाराला जाणाऱ्या. आजही नवा हक्क तयार होऊ शकतो. १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार लोकांनी एखादी वाट सलग वीस वर्षं वापरली, तर मालकाने ती जनतेला दिली असं गृहीत धरलं जातं. अट अशी की तो वापर जबरदस्तीने नको, चोरून नको आणि परवानगी घेऊनही नको. शेवटची अट वाचून माणूस थबकतो. 'मालक, जाऊ का?' असं विचारून गेलात तर वीस काय, पन्नास वर्षं चाललात तरी हक्क तयार होत नाही, कारण तुम्ही त्याच्या मेहरबानीने चाललात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थांवर, अशा सगळ्या वाटांचा नकाशा करायची जबाबदारी टाकली. त्याला म्हणतात डेफिनिटिव्ह मॅप, आपण त्याला अधिकृत नकाशा म्हणू. त्यावर वाट दाखवलेली असेल तर हक्काचा तो निर्णायक पुरावा, वाद संपला. पण त्यावर नसेल तर हक्क नाहीच, असं मात्र ठरत नाही. नकाशा करताना सुटून गेलेल्या वाटा भरपूर आहेत. इनर लंडनच्या बरोंवर, म्हणजे तिथल्या स्थानिक कौन्सिलांवर तर असा नकाशा करायचं बंधनच नाही.

पिवळा बाण, निळा बाण

वाटेवर खांबाला किंवा पायरीला तळहाताएवढी गोल चकती ठोकलेली असते, तिच्यावर बाण असतो. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त पायी. (आपल्या शहरातल्या रस्त्याकडेच्या फुटपाथशी याचा संबंध नाही.) निळा म्हणजे ब्रायडलवे, पायी आणि घोड्यावरून. १९६८ पासून सायकललाही तिथे मुभा आहे. जांभळा म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे, तिथे घोडागाडीही चालते पण मोटार नाही. लाल बाण असेल तर मोटारगाडीलाही हक्क आहे, भले तो रस्ता चिखलाने भरलेला असो.

१९६८ च्या कायद्यानुसार अशी वाट डांबरी रस्त्यापासून जिथे फुटते, तिथे पाटी लावणं हे कौन्सिलचं काम आहे. शेताच्या आत मात्र गरज वाटेल तिथेच बाण लावतात. म्हणून आतमध्ये बाण दिसला नाही तर वाट संपली असं समजू नये.

पाटी म्हणजे कागद नव्हे

बिल्डिंगमध्ये एखाद्या दारावर 'कुलकर्णी' अशी पाटी असते. बहुतेक वेळा आत कुलकर्णीच राहतात आणि फ्लॅटही त्यांचाच असतो. पण कधी ते भाडेकरू असतात, कधी फ्लॅट विकून गेलेले असतात आणि पाटी तशीच राहिलेली असते. रंगकामात पाटी काढून ठेवली म्हणून मालकी जात नाही. मालकी ठरते ती कागदपत्रांवर. पायवाटेचा खांब ही दारावरची पाटी आहे आणि अधिकृत नकाशा हा कागद.

खांब ट्रकच्या धक्क्याने पडतो, झुडपात बुडतो, कुणी मुद्दाम उपटतो, कधी टवाळ पोरं पट्टी फिरवून ठेवतात. कौन्सिलने वाटेचा मार्ग बदलला तरी जुना बाण वर्षानुवर्षं तसाच राहतो. उलटंही घडतं. मालक स्वतःच 'रस्ता नाही' अशी पाटी लावतो. अधिकृत नकाशावर असलेल्या वाटेवरून लोकांनी जाऊ नये म्हणून खोटी किंवा दिशाभूल करणारी पाटी लावणं हा १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी लावणारे लावतातच.

मग पाटी कशाला नोंदवायची? कारण ती पुरावा आहे. निर्णायक नसेल, पण जागेवर जाऊन कुणालाही पडताळता येईल असा पुरावा.

लोकांच्या नकाशावर नेमकं काय लिहितात?

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये ब्रिटनमध्येच सुरू झाला. त्यात प्रत्येक रेघेला किंवा बिंदूला माहितीच्या चिठ्ठ्या जोडतात, त्यांना टॅग म्हणतात. एका पायवाटेबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या टॅगमध्ये जातात. जमिनीवर काय आहे: मळलेली पायवाट, ट्रॅक्टरचा रस्ता की डांबर? तिथून कुणाला जाता येतं? आणि कायद्याने तिचा दर्जा काय? सगळे घोळ हे तीन प्रश्न एकात कालवल्याने होतात.

एक प्रसंग जवळून पाहू. एका फार्महाऊसकडे जाणारा खडीचा रस्ता आहे. तोंडाशी दोन पाट्या. वरची मोठी आणि लाल: 'प्रायव्हेट रोड'. तिच्या शेजारी कौन्सिलचा साधा खांब: 'पब्लिक फुटपाथ'. नवखा मॅपर, म्हणजे नकाशात नोंदी भरणारा, लाल पाटी बघतो आणि टॅग लावतो, 'ॲक्सेस: प्रायव्हेट'. झालं! त्या क्षणापासून पायी चालणाऱ्यांना मार्ग सांगणारी ॲप तो रस्ता टाळायला लागतात आणि माणसांना दोन मैलांचा वळसा घालून गाड्यांच्या रस्त्याने पाठवतात.

दोन्ही पाट्या खऱ्या आहेत. गाड्यांसाठी रस्ता खासगी आहे, पायी चालणाऱ्यांना हक्क आहे. म्हणून लिहायचं असं: रस्त्याचा प्रकार 'ट्रॅक', 'ॲक्सेस: प्रायव्हेट', त्याच्या जोडीला 'फुट: डेझिग्नेटेड', म्हणजे पायी चालणाऱ्यांसाठी खास नेमलेला. आणि कायदेशीर दर्जासाठी वेगळा टॅग, 'डेझिग्नेशन: पब्लिक फुटपाथ'. कौन्सिलने वाटेला क्रमांक दिलेला असतो, पॅरिशचं (म्हणजे गावपातळीच्या स्थानिक विभागाचं) नाव आणि पुढे आकडा. तो ठाऊक असेल तर त्याचाही टॅग आहे. खांबाचा स्वतंत्र बिंदू टाकायचा, पायरी किंवा फाटक असेल तर त्याचाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या आईला कायद्याच्या दर्जापेक्षा ती पायरी जास्त महत्त्वाची असते, हेही विसरू नये.

खांबाचा फोटो काढताना एक पथ्य पाळावं. नुसती अक्षरं जवळून टिपू नयेत, पट्टी कुठे बोट दाखवते हे मागच्या कुंपणासकट यायला हवं. आणि तपासल्याची तारीख नोंदवावी. तारखेशिवायची पाटी अर्ध्याच कामाची.

सरकारी नकाशा आहेच, त्यावरून उतरवून घ्यायला काय हरकत?

ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही १७९१ पासूनची नकाशा संस्था आहे आणि तिच्या फिरस्त्यांच्या नकाशांवर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी छापलेल्या असतात. नकाशा सुंदरच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्यावर सरकारी कॉपीराइट आहे. ओपनस्ट्रीटमॅप कुणालाही फुकट आणि मुक्तपणे वापरता यावा अशा परवान्यावर चालतो, त्यामुळे कॉपीराइट असलेल्या नकाशावरून एक रेघही उचलता येत नाही. कौन्सिलांचे अधिकृत नकाशेही ऑर्डनन्स सर्व्हेच्याच पायावर काढलेले, म्हणून अनेक वर्षं तेही हाताळता येत नव्हते. आता बऱ्याच कौन्सिलांनी आपली पायवाटांची माहिती मुक्त परवान्यावर खुली केली आहे आणि तिथे काम सोपं झालंय. पण सगळ्यांनी केलेली नाही, आणि परवाना तपासल्याशिवाय ती वापरायची नाही.

रस्त्यावर उभ्या खांबावरचा मजकूर वाचून 'इथे पब्लिक फुटपाथ आहे' असं लिहायला मात्र कुणाची आडकाठी नाही. म्हणून या मंडळींना पाट्यांचं एवढं वेड. पावसात भिजत एका खांबासाठी चिखल तुडवत जाणारी माणसं बाहेरून खुळी वाटतात, पण त्यांच्या हाती लागणारी माहिती स्वतःची असते.

'मालकाच्या परवानगीने' ही पाटी वेगळी का धरायची?

काही वाटांवर पाटी असते 'पर्मिसिव्ह पाथ'. म्हणजे मालक जाऊ देतो, पण हक्क म्हणून नाही. मघाशी वीस वर्षांची अट पाहिली. ही पाटी लावून मालक जाहीर करतो की तुम्ही माझ्या परवानगीने चालताय, त्यामुळे तुमचा हक्क तयार होणार नाही. काही मालक त्यासाठी वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूपही घालतात.

अशा वाटेला 'फुट: पर्मिसिव्ह' असंच लिहायचं, दर्जाचा टॅग रिकामा ठेवायचा. 'जाता येतंय ना, मग काय फरक पडतो' असं म्हणून हक्काची वाट लिहिणं मालकावर अन्याय आहे. शिवाय उद्या त्याने ती बंद केली तर फाटकापाशी वाद घालणारा माणूस आपल्या नोंदीच्या भरवशावर भांडत असेल. मला विचाराल तर या सगळ्या कामात सर्वात जास्त काळजी इथेच घ्यायला हवी. चांगुलपणाने वाट खुली ठेवणारे मालक अशा चुकांनी बिथरतात आणि मग फाटकंच बंद होतात.

कागदावरची रेघ एकीकडे, पायवाट दुसरीकडे

अधिकृत वाट शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी जाते. शेतकऱ्याने नांगरट केली. शेताच्या मधून जाणारी वाट त्याला नांगरता येते, पण दोन आठवड्यांच्या आत फुटपाथसाठी किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. तो करत नाही. चालणारे मुकाट्याने कडेने जातात आणि दोनचार वर्षांत कडेलाच पायवाट मळते. आता नकाशावर कोणती काढायची?

बरेच अनुभवी मॅपर दोन्ही काढतात. कडेची वाट जमिनीवर दिसते म्हणून नेहमीची पायवाट, पण हक्काच्या टॅगशिवाय. तिरक्या रेघेला कायदेशीर दर्जा आणि क्रमांक, पण मळलेली पायवाट नसेल तर तसं न भासवता. यावर मतभेद आहेत. काहींचं म्हणणं, डोळ्यांना दिसत नाही ते नकाशावर नकोच. ते मला पटत नाही. अधिकृत नकाशात ती रेघ आहे हेही पडताळता येणारं सत्यच आहे, फक्त ते पडताळायला कौन्सिलच्या कचेरीत जावं लागतं. तिरकी रेघ नकाशावरून गेली की शेतकऱ्याने वाट बुजवली हे कुणाला कळणारही नाही.

खासगी वाटा नकाशावरून पुसूनच टाका ना!

जमीनमालकांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यामागचा वैताग खरा आहे. ॲपमध्ये रेघ दिसली की लोक अंगणात येऊन उभे राहतात. पण पुसण्याने प्रश्न सुटत नाही. वाट हवाई फोटोत दिसतच असते. आज पुसली तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या टोकाला बसलेला कुणीतरी फोटो बघून ती पुन्हा काढतो, आणि त्याला पाटी दिसलेली नसल्याने 'खासगी' हा टॅग लावत नाही. वाट ठेवून तिच्यावर ठसठशीत 'प्रायव्हेट' लिहिणं मालकाच्याच फायद्याचं. खरी गोची पुढे असते. काही ॲप खासगी आणि सार्वजनिक वाट एकाच रंगात दाखवतात. ती चूक ॲप बनवणाऱ्यांची, आणि त्याबद्दल त्यांना जरूर बोलावं.

कुणीही काहीही लिहील, त्याचं काय?

लिहितात. पण प्रत्येक बदलावर कोणी, कधी केला आणि बहुतेकदा कशाच्या आधारे केला याची नोंद राहते आणि चुकीचा बदल उलटवता येतो. खात्री नसेल तर रेघ न बदलता नुसती टीप टाकायची सोय आहे: 'इथला खांब पडलाय, जाणकाराने बघावं.' नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. फोनवर स्ट्रीटकम्प्लीटसारखं ॲप तर जागेवर उभं राहिल्यावर सोपे प्रश्न विचारतं आणि उत्तराचा टॅग स्वतः तयार करतं.

नकाशावर आली म्हणजे हक्क मिळाला?

नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर 'पब्लिक फुटपाथ' लिहिल्याने काडीचा हक्क तयार होत नाही आणि पुसल्याने जात नाही. हक्क सिद्ध करायचा तर कौन्सिलकडे अधिकृत नकाशा दुरुस्त करण्याचा अर्ज करावा लागतो. त्याला जुने नकाशे, दस्तऐवज, वाट वापरलेल्या माणसांचे जबाब जोडावे लागतात, आणि अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात.

बातम्यांमधली मुदत ती हीच. २००० च्या कायद्याने ठरवलं होतं की १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत अधिकृत नकाशावर येणार नाहीत, त्यांचा हक्क संपेल. त्या धास्तीने रॅम्बलर्स या पायी फिरणाऱ्यांच्या संस्थेने २०२० मध्ये स्वयंसेवकांकडून जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून तपासले. नोंदीतून सुटल्या असाव्यात अशा ४९,००० मैलांहून जास्त वाटा इंग्लंड-वेल्समध्ये सापडल्या. २०२३ मध्ये इंग्लंडपुरती मुदत २०३१ पर्यंत ढकलली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्दच करणार असल्याचं जाहीर केलं.

लोकांच्या नकाशाचा यात उपयोग आहे, पण पूरक. अमुक वाट तमुक वर्षी चालू होती, तिथे फाटक होतं, ते उघडं होतं, अशा तारखेसह नोंदी अर्जदाराला कुठे शोधायचं ते सांगतात.

आपल्याकडे हे जमेल?

जसंच्या तसं नाही. वीस वर्षांचा आकडा आपल्या १८८२ च्या इझमेंट कायद्यातही आहे, पण तिथे वहिवाटीने मिळणारा हक्क प्रामुख्याने त्या-त्या जमीनधारकाचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात तो शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. रविवारी गडावर निघालेला ट्रेकर त्या आदेशाकडे बोट दाखवू शकत नाही. अधिकृत नकाशाच्या सर्वात जवळ जाणारी वस्तू म्हणजे आपला गाव नकाशा. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेने दाखवतात, शिवरस्तेही त्यात असतात. पण त्यातले किती पाणंद रस्ते आज जागेवर शिल्लक आहेत ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे, आणि तिथे खांब किंवा पाटी तर कुठेच नाही.

म्हणून सह्याद्रीतली वाट ओपनस्ट्रीटमॅपवर काढताना इंग्लंडचे दर्जाचे टॅग वापरू नयेत. वाट काढा, ती किती स्पष्ट दिसते ते लिहा, पाण्याचं टाकं दाखवा, आणि कुणाला जाता येतं हा रकाना पुरावा नसेल तर कोरा सोडा. एका शेतकऱ्याने हटकलं म्हणून 'खासगी' नको आणि पन्नास ग्रुप जातात म्हणून 'सार्वजनिक'ही नको. वनखात्याची पाटी असेल तर तिचा मजकूर आणि तारीख नोंदवा.

आणि गावातली वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर नकाशा भरत बसू नका. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढायचा अर्ज १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे करायचा असतो. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि ती अडथळा घातल्यापासून मोजतात.